रानफुलांची नमुना सही

ईशान्य मोसमी पाऊस ओसरला की तंजावूर परिसरातील भातखाचरांचे बांध, कालव्यांचे काठ आणि जुन्या देवळांभोवतीची मोकळी जागा बारीक फुलांनी भरून जाते. कोणते फूल मिरीच्या दाण्याएवढे, तर कोणते मोहरीएवढे. वाटेने जाणारा माणूस या साऱ्यांना सरसकट ‘गवत’ म्हणून मोकळा होतो. मोबाईलमध्ये चांगला कॅमेरा आल्यापासून मात्र या दुर्लक्षित फुलांकडे पुष्कळांचे लक्ष जाऊ लागले आहे. बदलीच्या निमित्ताने कावेरीच्या खोऱ्यात गेलेले बँक कर्मचारी, निवृत्तीनंतर पहाटे फेरफटका मारणारे ग्राहक, सुटीत बृहदीश्वराचे दर्शन घेण्यास गेलेली कुटुंबे, असे अनेक जण वाकून एखादे फूल टिपतात आणि जाणकार मित्राकडे पाठवून विचारतात, ‘हे फूल कोणते?’

या साध्या प्रश्नाला बहुधा तीन जणांकडून तीन उत्तरे मिळतात. उत्तर देणारे अडाणी असतात असे नव्हे. चित्रात उत्तरापुरती सामग्रीच नसते. निळी पाकळी सुरेख दिसते, पण पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोड गोल आहे की चौकोनी, फूल नखाएवढे आहे की रुपयाएवढे, यांपैकी काहीच त्या चित्रातून कळत नाही.

बँकेच्या व्यवहारातील माणसाला ही अडचण चटकन समजावी. खाते उघडण्याच्या अर्जावर छायाचित्र चिकटवलेले असते. परंतु केवळ छायाचित्र पाहून कोणतीही शाखा खाते उघडत नाही. सही, पत्ता, ओळखीचा पुरावा असे सारे जुळले की मगच ओळख पटली असे मानले जाते. रानफुलांच्या बाबतीतही ‘आपला ग्राहक ओळखा’ हा नियम तंतोतंत लागू पडतो. चेहरा हा पुराव्याचा एक भाग आहे. उरलेले पुरावे कोणते, ते कुठे शोधावेत आणि छायाचित्रात ते कसे आणावेत, हे समजून घेण्यास तंजावूरइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

तरंगंबाडीचे वनस्पतिवेत्ते आणि सरफोजीराजे

तंजावूरच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रकाठी तरंगंबाडी हे गाव आहे. १६२० मध्ये तंजावूरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली आणि पुढे १८४५ मध्ये हे ठाणे इंग्रजांना विकले जाईपर्यंत ते डेन्मार्ककडे राहिले. १७६८ मध्ये योहान गेरहार्ड कोनिग हा वैद्य येथील मिशनमध्ये दाखल झाला. वनस्पतींना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियसचा तो शिष्य. किनाऱ्यावरील रानवनस्पती गोळा करून, वाळवून, त्यांची वर्णने लिहून तो युरोपातील अभ्यासकांकडे पाठवीत असे. मराठी स्वयंपाकघरात रोज फोडणीत पडणाऱ्या कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘कोनिगी’ हा शब्द आहे, तो याच माणसाच्या स्मरणार्थ. त्याच्यानंतर तरंगंबाडीला आलेल्या योहान पीटर रोट्लर या धर्मोपदेशकाने हे काम पुढे चालवले. रोट्लरने गोळा केलेले नमुने आज लंडनच्या क्यू उद्यानातील वनस्पतिसंग्रहात आहेत. कोनिगच्या सहवासात तयार झालेल्या विल्यम रॉक्सबर्गने भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची चित्रे काढून घेतली आणि त्यांतील ३०० चित्रांचा कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचा ग्रंथ १७९५ पासून तीन खंडांत लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

खुद्द तंजावूरमध्ये त्या काळी भोसल्यांचे राज्य होते. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजीराजे हे श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली शिकले होते, आणि हा श्वार्ट्झही आरंभी तरंगंबाडीच्याच मिशनमध्ये काम करीत असे. सरस्वती महाल ग्रंथालयाला आलेली भरभराट ही सरफोजीराजांची सर्वांत मोठी देणगी मानली जाते. त्यांनी स्थापलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींच्या वैद्यांना एकत्र आणून औषधांची पारख चाले. उपयुक्त वनस्पतींची रंगीत हस्तचित्रेही राजांनी तयार करवून घेतली.

राजांना चित्रांची गरज का वाटावी? औषधाच्या पाठात वनस्पतीचे नाव असते, पण नावाने वनस्पती दिसत नाही. काढा करणाऱ्याच्या हाती नेमकी तीच वनस्पती यावी, यासाठी चित्र हवे. तरंगंबाडीचे वनस्पतिवेत्ते वाळवलेला नमुना जपत होते, राजांचे चित्रकार ताज्या झाडाचा रंग आणि डौल जपत होते. दोघांचा हेतू एकच होता. वनस्पती डोळ्यांसमोर नसताना दूरच्या माणसाला तिची खात्रीने ओळख पटावी.

त्या काळचा चांगला वनस्पतिचित्रकार केवळ फूल काढून थांबत नसे. एकाच कागदावर फांदी, पानाची मागची बाजू, उकललेले फूल, फळ आणि बी असे सारे स्वतंत्रपणे मांडण्याची रीत होती. आजचा हौशी छायाचित्रकार नेमके तेच करावयाचे विसरतो. त्याच्या एका टिचकीत जेवढे येते, तेवढ्यावर तो समाधान मानतो.

नमुना सही म्हणजे काय?

वनस्पतिशास्त्रात प्रत्येक नावामागे एक वाळवलेला मूळ नमुना असतो. तो कागदावर चिकटवून, गोळा करणाऱ्याचे नाव, स्थळ आणि तारीख लिहून, मान्यताप्राप्त संग्रहालयात जपून ठेवलेला असतो. १ जानेवारी १९५८ पासून नव्या जातीला नाव देताना असा नमुना नेमून देणे आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक केले आहे. पुढे कधी वाद उत्पन्न झाला तर अभ्यासक त्या मूळ नमुन्याकडे जातात. धनादेशावरील सहीबद्दल शंका आली की बँकेत नमुना सहीचे कार्ड काढले जाते, तशीच ही व्यवस्था.

सही पडताळणारा अनुभवी कर्मचारी एखाद्या अक्षराच्या वेलांटीवर निर्णय देत नाही. वळण, जोर, अंतर, शेवटचा फराटा असे पाच-सहा विशेष तो एकाच वेळी पाहतो. रानफूल ओळखतानाही पाच-सहा विशेष एकत्र जुळावे लागतात. पाकळीचा रंग हा त्यांतील सर्वांत दुबळा विशेष होय. एकाच जातीत पांढरी आणि जांभळी फुले आढळतात. शिवाय निळ्या-जांभळ्या छटा कॅमेऱ्यात हमखास बदलतात.

भरवशाचे विशेष वेगळेच असतात. उदाहरणार्थ, शंकराला वाहिला जाणारा तुंबा घ्यावा. तमिळमध्ये त्याला ‘तुंबै’ म्हणतात, म्हणजे नावही जवळपास तेच. त्याचे खोड बोटांत फिरवून पाहिले तर ते चौकोनी लागते; पाने समोरासमोर असतात; पांढऱ्या फुलाला दोन ओठ असतात. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि दोन ओठांचे फूल ही तुळशीच्या कुळाची खूण आहे. एवढे जुळले की शेकडो वनस्पतींमधून शोध एका कुळापाशी येऊन ठेपतो आणि पुढचे काम सोपे होते.

नावांची गल्लत

मराठी माणूस तंजावूरला गेला की ओळखीतली दुसरी अडचण समोर येते, ती नावांची. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हटले की कोणी गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची मंडूकपर्णी दाखवतो, तर कोणी बारीक मांसल पानांची, पाण्याकाठी पसरणारी जलब्राह्मी. या दोन्ही वनस्पतींचे कूळही वेगळे. तमिळमध्ये पहिलीला ‘वल्लारै’ आणि दुसरीला ‘नीरब्राह्मी’ अशी स्वतंत्र नावे असल्याने तेथे गोंधळ तुलनेने कमी होतो.

शंखपुष्पीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. उत्तरेत बहुधा ज्या वनस्पतीला शंखपुष्पी म्हणतात ती, महाराष्ट्रातील माळरानावर दिसणारी निळी विष्णुक्रांता, आणि दक्षिणेत ‘शंगुपुष्पम्’ म्हणून ओळखला जाणारा गोकर्णीचा वेल, अशा तीन वेगवेगळ्या वनस्पती या एकाच नावावर हक्क सांगतात. त्यांतील पहिल्या दोघी एकाच कुळातील असून बऱ्याच सारख्या दिसतात. त्यांच्यातील भेद भिंगाखाली कळतो: शंखपुष्पीच्या फुलात एकच कुक्षिवृंत असून त्याच्या टोकाशी दोन फाटे असतात, तर विष्णुक्रांतेत मुळातच दोन कुक्षिवृंत असून प्रत्येकाला दोन फाटे फुटलेले असतात. गोकर्णी मात्र शेंगवर्गातील असल्याने शेंग दिसताच तिची ओळख पटते.

एकाच नावाची दोन खाती असली म्हणजे बँक खातेक्रमांक पाहते. वनस्पतींच्या जगात शास्त्रीय नाव हाच खातेक्रमांक होय. तो रुक्ष वाटतो, पण रक्कम चुकीच्या खात्यात जाऊ देत नाही.

ऋतू आणि स्थान यांची साक्ष

सह्याद्रीतील रानफुलांची ओळख असलेल्याने तंजावूरमध्ये एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. महाराष्ट्रात पाऊस नैर्ऋत्य वाऱ्यांचा. त्यामुळे जून ते सप्टेंबर हा वाढीचा काळ आणि कासच्या पठाराचा बहर ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या सुमारापर्यंत. तंजावूरला मात्र मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो. जी लहान झुडपे आणि वनौषधी पुण्याच्या टेकड्यांवर दिवाळीपर्यंत वाळून जातात, त्यांचे भाईबंद तेथे पोंगलच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत फुललेले असतात. खेरीज कावेरीच्या कालव्यांचे पाणी असल्याने बांधावरची ओल पुष्कळ काळ टिकते. माका, जलपिंपळी, जलब्राह्मी, कांचरी, गोरखमुंडी, कोळसुंदा या ओलाव्याच्या वनस्पती म्हणूनच त्या भागात विपुल दिसतात.

तारीख आणि जागा यांची नोंद नसलेले छायाचित्र यासाठीच अर्धवट ठरते. तेच फूल कोरड्या मुरमाड माळावर टिपले की भाताच्या खाचरात, यावरून जाणकार अर्ध्या शक्यता बाद करू शकतो.

किनाऱ्याकडील वाळवंटी जमिनीत आढळणारी ‘चायवेर’ ही वनस्पती या संदर्भात उल्लेखनीय आहे. पांढऱ्या इवल्या फुलांच्या या झुडपाकडे कोणी वळूनही पाहणार नाही. परंतु कोरोमंडल किनाऱ्याच्या कापडाला जगभर कीर्ती मिळवून देणारा लाल रंग हिच्या मुळांपासून निघत असे. रॉक्सबर्गने आपल्या ग्रंथात हिची मुद्दाम दखल घेतली. हिच्याच वंशातील दुसरी एक सामान्य वनस्पती बागेत, कुंड्यांत, फरशीच्या फटींत सर्वत्र उगवते. दोहोंचे फूल पांढरे, बारीक, चार पाकळ्यांचे. चायवेरीत अनेक फुले एका बिंदूतून निघाल्यासारखी छत्रीसारखी एकत्र येतात, तर सामान्य जातीत एका देठावर दोन-चार फुले विरळ असतात. केवळ एका फुलाचे जवळून घेतलेले चित्र हा फरक दाखवूच शकत नाही. त्यासाठी फुलोरा पूर्ण दिसावा लागतो.

हुबेहूब दिसणाऱ्या जोड्या

ओळखीची ही सारी खटपट हौसेपुरती असती, तर चूक झाल्याने फारसे बिघडले नसते. पण या लहान वनस्पतींपैकी कित्येक भाजी किंवा औषध म्हणून पोटात जातात. तेथे चुकीची किंमत आरोग्याने मोजावी लागते. काही नेहमीच्या जोड्या पाहाव्यात.

चिवळ आणि दुधी. चिवळीची भाजी महाराष्ट्रात आवडीने खाल्ली जाते. जमिनीलगत पसरणारी, लालसर दांड्याची आणि बारीक पानांची ही भाजी वरून काढलेल्या छायाचित्रात लहान दुधीसारखी दिसते. चिवळीची पाने जाड व रसाळ असतात, पेरांपाशी पांढरे लांब केस असतात आणि पिवळ्या फुलाला चार पाकळ्या असतात. दुधीचे पान पातळ असते आणि देठ मोडताच पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांना व त्वचेला दाह करणारा असतो. देठ मोडून पाहण्याची ही चाचणी चित्रात येत नाही. म्हणून मोडलेल्या देठाचे वेगळे छायाचित्र घ्यावे आणि चीक आला की नाही ते शब्दांत लिहावे.

पुनर्नवा आणि तिची तोतया. पुनर्नवा अथवा घेटुळी जमिनीवर पसरते, पाने समोरासमोर पण आकाराने लहानमोठी. नेमकी हीच ठेवण विषखापऱ्याचीही असते, आणि बाजारात एकीच्या जागी दुसरी जाते ही जुनी तक्रार आहे. तमिळमध्ये पुनर्नवेला ‘मूक्किरट्टै’ आणि दुसरीला ‘सारणै’ म्हणतात. पुनर्नवेची गडद गुलाबी बारीक फुले लांब, फाटे फुटलेल्या देठावर येतात आणि फळ चिकट असल्याने कपड्याला लागते. विषखापऱ्याचे फूल एकेकटे, देठाविना, पानाच्या बगलेत अर्धे दडलेले असते आणि त्याच्या फळाला झाकण असते. बगलेचे जवळून घेतलेले एक छायाचित्र हा वाद मिटवू शकते.

भुईआवळा आणि त्याचे सोबती. काविळीवरील घरगुती उपचारांत भुईआवळ्याचे नाव हमखास येते. तमिळमधील ‘कीळानेल्ली’ या नावाचा अर्थ ‘खालच्या बाजूचा आवळा’ असा होतो, आणि ते नाव कुठे पाहावे हेच सांगते: फांदी उलटी करावी, म्हणजे पानांखाली ओळीने लटकणारी इवली फुले व फळे दिसतात. परंतु एवढ्याने काम भागत नाही, कारण या वंशातील चार-पाच जाती एकमेकींच्या शेजारी उगवतात. नेहमीच्या भुईआवळ्याच्या फुलात पाच दले, तर त्याच्या एका सख्ख्या भावंडात सहा दले असतात. तिसऱ्या जातीचे फळ गुळगुळीत नसून खरबरीत असते. मद्रासच्या नावावरून नाव पडलेल्या चौथ्या जातीची पाने टोकाकडे रुंद होत जातात. दक्षिण भारतातील बाजारातून घेतलेल्या सुक्या भुईआवळ्याच्या नमुन्यांची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा काही नमुन्यांत या जातींची सरमिसळ आढळली. जे अनुभवी संग्राहकांच्या हातून निसटते, ते एका धूसर छायाचित्रावरून ठरवता येईल असे मानणे धाडसाचे होय.

माका आणि एकदांडी. दोन्ही एकाच कुळातील, दोन्ही बांधावर विपुल. या कुळात आपण ज्याला एक फूल समजतो तो वस्तुतः अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. माक्याचा गुच्छ लहान, पांढरा, आखूड देठाचा. पान चुरगळले की काही वेळाने काळसर पडते. एकदांडीचा गुच्छ लांबलचक एकट्या दांड्यावर उभा, मध्यभाग पिवळा, कडेच्या फिकट पाकळ्यांना तीन दाते, आणि बिया म्हातारीच्या पिसांसारख्या उडणाऱ्या. मूळची मध्य अमेरिकेची ही पाहुणी आज आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिला कंबरमोडी, दगडी पाला अशी खास मराठी नावे मिळाली आहेत. गुच्छाच्या खालची हिरवी दले बाजूने टिपली, तर या कुळातील निम्मे प्रश्न सुटतात.

छायाचित्र कसे घ्यावे?

वरील विवेचनाचा व्यावहारिक सारांश असा की एका वनस्पतीची किमान सहा छायाचित्रे घ्यावीत.

१. वनस्पती जेथे उगवली आहे त्या जागेसह संपूर्ण झाड.

२. खोड आणि पानांची मांडणी, बाजूने.

३. पानाची वरची आणि खालची बाजू, दोन्ही.

४. फूल समोरून.

५. फूल बाजूने, देठ आणि खालची हिरवी दले दिसतील असे.

६. फळ अथवा शेंग असल्यास ती, आणि शक्य असल्यास बी.

आकार कळण्यासाठी शेजारी नाणे ठेवावे. येथे बँकेतील माणसाला एक गोष्ट ठाऊक असते, जी इतरांच्या सहसा ध्यानात येत नाही: एक रुपयाची निरनिराळ्या वर्षांची नाणी निरनिराळ्या आकारांची आहेत. १९९२ पासूनच्या मालिकेतील रुपयाचा व्यास २५ मिलिमीटर, तर २०११ च्या मालिकेतील रुपयाचा सुमारे २२. त्यापेक्षा दोन धातूंचे दहा रुपयांचे नाणे बरे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. त्याहून उत्तम म्हणजे शाळेतल्या मोजपट्टीचा तुकडा.

वेळही पाळावी. विष्णुक्रांतेची निळी फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटू लागतात. भुईआवळ्याची पाने रात्री मिटतात. सकाळची कोवळी वेळ म्हणूनच सोयीची. भर उन्हात पांढरी फुले पांढुरकी पुसट होतात. त्या वेळी स्वतःची सावली फुलावर पाडावी. मागे काळसर कापड किंवा तळहात धरला की कॅमेरा मागच्या गवतावर केंद्रित न होता फुलावर केंद्रित होतो. जमिनीवर पालथे पडण्याची लाज वाटू देऊ नये. उभ्याने घेतलेल्या छायाचित्रात लहान वनस्पती नेहमीच ओळखशून्य हिरवा ठिपका ठरते.

छायाचित्राबरोबर चार ओळी लिहाव्यात: तारीख, गाव, जागेचे स्वरूप, आणि कॅमेऱ्याला न कळणाऱ्या गोष्टी, म्हणजे वास, चीक, पानाचा खरखरीतपणा, स्थानिक माणसाने सांगितलेले नाव. वनस्पती उपटू नये. संरक्षित वनात आणि देवराईत तर पानही तोडू नये.

यंत्र, जाणकार आणि मर्यादा

आता मोबाईलमधील काही सुविधा छायाचित्र पाहून क्षणार्धात नाव सुचवतात. आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या २००८ मध्ये सुरू झालेल्या दोन व्यवस्थांमध्ये हौशी लोकांनी दिलेल्या नोंदी इतर अभ्यासक तपासतात, हा त्यांचा मोठा गुण. यंत्राची सूचना मात्र साम्यावर आधारलेली असते. आपल्या चित्राशी जुळणारी चित्रे ज्या जातींची त्याच्या संग्रहात अधिक, त्या जातींकडे त्याचा कल झुकतो. दुर्मीळ स्थानिक जातीऐवजी जगभर पसरलेल्या जातीचे नाव सुचवले जाण्याची शक्यता त्यामुळे राहते. यंत्राचे उत्तर ही चौकशीची सुरुवात समजावी, अखेर नव्हे.

पुस्तकांचा आधार आजही मोलाचा आहे. महाराष्ट्रात थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशापासून ही परंपरा चालत आली असून, श्रीकांत इंगळहळीकर यांच्या सह्याद्रीतील फुलांवरील सचित्र मार्गदर्शिकेने २००१ पासून सर्वसामान्य वाचकालाही रानफुलांची वाट दाखवली. तमिळनाडूत, तंजावूरपासून जवळच असलेल्या तिरुचिरापल्ली येथील सेंट जोसेफ महाविद्यालयात रॅपिनाट वनस्पतिसंग्रह आहे. तो के. एम. मॅथ्यू या धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये स्थापन केला. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला तामिळनाडू कर्नाटिक प्रदेशाच्या वनस्पतींचा ग्रंथ त्या भागातील अभ्यासकांचा प्रमुख आधार आहे. अशा संग्रहात वाळवलेल्या नमुन्याशी प्रत्यक्ष तुलना करता येते.

एक नियम मात्र निरपवाद मानावा. छायाचित्रावरून ओळखलेली कोणतीही वनस्पती खाऊ नये, औषध म्हणून घेऊ नये आणि दुसऱ्याला सुचवू नये. कावीळ, मूत्रपिंडाचे विकार, साखर अशा व्याधींत तर वैद्याच्या सल्ल्याविना रानपाला हा धोक्याचाच. सहीविषयी किंचित शंका असली तर रक्कम रोखून धरणारा रोखपाल ग्राहकाला त्या क्षणी त्रासदायक वाटतो. पण तो ग्राहकाचेच हित राखत असतो.

साध्या नोंदीचे मोल

१९५५ मध्ये पुण्यात एका अनोळखी तणाची प्रथम नोंद झाली. तेच पुढे गाजर गवत म्हणून देशभर पसरले आणि शेतकऱ्यांची, दम्याच्या व त्वचेच्या रुग्णांची डोकेदुखी ठरले. ते कुठून कुठे आणि कसे पसरत गेले, हे आज सांगता येते ते अशा स्थळ-तारखेसह ठेवलेल्या नोंदींमुळेच. कोनिग आणि रोट्लर यांच्या वाळलेल्या फांद्यांना दोनशे वर्षांनंतर किंमत आहे, ती त्यांच्या सौंदर्यामुळे नव्हे. त्या ओळखीला पुन्हा पडताळून पाहता येते म्हणून.

तंजावूरच्या बांधावर वाकून घेतलेली सहा छायाचित्रे आणि त्यांखालच्या चार ओळी हाही असाच एक छोटा दस्तऐवज होय. नाव लगेच कळले नाही तरी बिघडत नाही. पुरावा नीट ठेवला असेल, तर आज ना उद्या कोणी जाणकार तो उघडून पाहील आणि खात्रीने नाव सांगेल. तोवर त्या नोंदीपुढे ‘अनिर्णित’ असे लिहून ठेवावे. हिशेब न जुळलेल्या वहीत अंदाजाने आकडा भरण्यापेक्षा ती रक्कम उचंत खात्यात दाखवणे केव्हाही अधिक प्रामाणिक असते.